कोणत्या सालचं शहर?

बिदरच्या महमूद गवान मदरशासमोर उभं राहिलं की असलेल्यापेक्षा नसलेलंच आधी नजरेत भरतं. दर्शनी भिंतीच्या एका टोकाला मिनार आहे, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. उरलेल्या मिनारावर नागमोडी पट्ट्यांनी बसवलेल्या रंगीत झिलईच्या फरशांचे तुकडे अजून धरून आहेत; मधलं प्रवेशद्वार आणि त्याच्या दक्षिणेची बाजू मात्र जागेवर नाही. ही पडझड काळाच्या ओघात झाली, असं मोघम बोलायची इथे सोय नाही, कारण तिला साल आहे. गिलानहून व्यापारी म्हणून दाभोळला उतरलेल्या आणि पुढे बहमनींचा वजीर झालेल्या गवानाने १४७२ मध्ये हा तीन मजली मदरसा उभा केला. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या कारस्थानात सुलतानाने त्याचाच शिरच्छेद करवला. औरंगजेबाच्या अमदानीत या इमारतीत फौज उतरली, एका भागात दारूगोळा साठवला गेला आणि १६९६ मध्ये त्याचा स्फोट होऊन चौथा हिस्सा उडाला. विद्येची वास्तू दारूकोठार झाली आणि फुटली, एवढी गोष्ट ती भग्न भिंत कोणत्याही फलकाशिवाय सांगते. तरी दुसरा मिनार पुन्हा बांधून का टाकत नाहीत, असं पाहणाऱ्याला वाटणं साहजिक आहे. उरलेला नमुना डोळ्यांसमोर आहे, मापं घेता येतात, आज पैसाही उभा राहू शकतो. आणि जगात याहून कितीतरी जास्त मोडलेली शहरं पुन्हा उभी राहिली आहेत.

त्यांतलं सगळ्यात बोलकं उदाहरण पोलंडच्या ग्दान्स्क बंदराचं. जर्मन लोक त्याला डान्झिग म्हणत. १९४५ च्या मार्चअखेरीस सोव्हिएत फौजा आत आल्या तेव्हाची लढाई, तोफखाना आणि नंतर लागलेल्या आगी यांत जुन्या शहराचा गाभा जवळजवळ सगळा बेचिराख झाला. आज प्रवाशांच्या टोळक्याला घेऊन वाटाड्या ड्वुगा रस्त्याने चालत जातो, दोन्ही बाजूंची सोळाव्या-सतराव्या शतकातली वाटणारी अरुंद, उंच, त्रिकोणी माथ्यांची घरं दाखवतो, मोटवावा नदीच्या काठावरची पंधराव्या शतकातली लाकडी यारी दाखवतो, आणि मग हळूच सांगतो की यातलं बहुतेक सगळं १९५० नंतर बांधलेलं आहे. यारीचे विटांचे बुरूज तेवढे आगीतून वाचले. लाकडी भाग जळाला, तो नव्याने केला. ऐकणारे क्षणभर फसवल्यासारखे होतात आणि मग पुन्हा फोटो काढायला लागतात.

बिदरला बंदर नाही, समुद्र शेकडो मैल दूर आहे, मग ही तुलना कशासाठी, असं कोणी म्हणेल. पण पंधराव्या शतकातलं बिदर समुद्राच्याच जिवावर उभं होतं. दाभोळ आणि चौलला उतरणारे इराणी-अरबी घोडे, त्यांच्यामागून येणारे व्यापारी, शिपाई, कारागीर आणि मुल्ला यांच्यावाचून ना बहमनी फौज होती, ना हा मदरसा. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला पोचला. त्याच्या टिपणांत सुलतानाच्या राजवाड्याचे सात दरवाजे आहेत, मिरवणुकीतले हत्ती आहेत. आणि इथले सरदार ऐषारामात लोळतात पण खेड्यातली माणसं फार गरीब आहेत, हेही आहे. शेवटची नोंद लक्षात ठेवण्यासारखी. आपण जपतो ती वास्तू बहुतेक वेळा पहिल्यांची असते, दुसऱ्यांची मातीची घरं कधीच विरघळून गेलेली असतात.

ग्दान्स्क उभारताना काय झालं ते नीट पाहिलं की पुनर्बांधणी या कामातली मूळ अडचण उघडी पडते. शहर पुन्हा बांधायचं ठरलं, पण कोणत्या सालचं? १९३९ चं? ते तर प्रामुख्याने जर्मनभाषक शहर होतं, प्रशियन काळातल्या गिलाव्यांचं, दुकानांच्या रुंद काचांचं, मागच्या दाट चाळींचं. नव्या पोलिश राज्याला ते नको होतं. १७९३ मध्ये प्रशियाने शहर गिळलं. त्याआधी ते पोलिश राजाच्या छत्राखाली होतं आणि त्याचा तोंडवळा डच-फ्लेमिश वळणाचा होता. म्हणून कल बहुतेक १७९३ च्या अलीकडे न येण्याकडे राहिला. जिथे जुनी चित्रं आणि नकाशे होते तिथे त्यांचा आधार घेतला, जिथे नव्हते तिथे ‘असं असायला हरकत नाही’ इतपत आधारावर माथे चढवले. एकोणिसावं शतक पोलिश शहराच्या अंगावरून जवळजवळ पुसलं गेलं. लष्कराने पाडलं ते बॉम्बने. हे मात्र वास्तुविशारदांनी कागदावर पाडलं. पुनर्बांधणी करणारा प्रत्येक जण एक साल निवडतो आणि बाकीची सालं नाकारतो. वीट-चुन्याचा हिशेब त्यानंतरचा.

हे एवढंच असतं तर ग्दान्स्कला लबाडी म्हणून बाजूला सारता आलं असतं. १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा सांगतोच, की जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. पण त्या सतराव्या शतकातल्या दर्शनी भिंतींच्या मागे काय आहे हे पाहायला हवं. तिथे व्यापाऱ्याची हवेली नाही, कामगारांसाठी बांधलेले साधे फ्लॅट आहेत. युद्धाआधी मागच्या बाजूला एकमेकांना खेटून असलेल्या चाळी पुन्हा बांधल्याच नाहीत. त्या जागी मोकळी, झाडांची अंगणं ठेवली. घरात आलेली माणसंही नवी होती: जर्मन रहिवासी गेले किंवा घालवले गेले, आणि पोलंडने गमावलेल्या पूर्वेकडच्या विल्नो, ल्वूव अशा शहरांतून उठवलेली कुटुंबं तिथे येऊन राहिली. दर्शन व्यापाऱ्याचं, बिऱ्हाड गोदीतल्या कामगाराचं. निकितिनच्या तक्रारीला एवढं थेट उत्तर दुसऱ्या कुठल्या शहराने दिल्याचं मला माहीत नाही. म्हणून मला ग्दान्स्कचं समर्थन करावंसं वाटतं, पण ते त्या नक्षीदार माथ्यांसाठी नव्हे. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांना तिथे घरांची गरज होती आणि बांधकाम त्या गरजेतून झालं, हे त्याचं खरं बळ.

हाच निकष घेऊन बिदरमध्ये चौबाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत पायी निघालं तर चित्र उलटं दिसतं. चौबारा म्हणजे जुन्या गावाच्या चौकातला गोल बुरूज. तिथून चार दिशांना रस्ते फुटतात. उत्तरेच्या रस्त्याला लागलं की बिदरी कामाची दुकानं येतात. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून, किल्ल्यातल्या मातीच्या लेपाने ते काळंभोर करणारे कारागीर या भागात काम करतात. मग मदरसा, पुढे तख्त-ए-किरमानीची कमान, मग किल्ल्याचा खंदक. स्मारकं म्हणून जी नोंदली गेली आहेत ती बऱ्यापैकी सांभाळलेली आहेत, आणि त्याचं मोठं श्रेय १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याला आणि त्याचे पहिले संचालक गुलाम याझदानी यांना जातं. त्यांनी राडारोडा काढला, भिंतींना आधार दिले, रंगीन महालातलं काळ्या दगडातलं शिंपल्याचं जडावकाम जपलं, आणि जे पडलं होतं ते बहुतांशी पडलेलंच ठेवलं. १९४७ मध्ये आलेल्या त्यांच्या बिदरवरच्या ग्रंथात भिंतीभिंतीचं मोजमाप आहे, पण नवा मिनार बांधायची हौस नाही. मोडकं आणि शाबूत यांच्यामधली रेघ त्या खात्याने पुसली नाही, म्हणून आज आपल्याला १४७२ आणि १६९६ दोन्ही वाचता येतात.

बिघडलंय ते या स्मारकांच्या मधलं. जांभ्याच्या भिंती, माळवदाचं छत, ढेलजेतून आत जाणारी वाट, लाकडी खांबांचा ओटा अशी घरं या रस्त्याला होती, काही अजून आहेत. ती कोणत्याही यादीत नाहीत. १९५८ चा पुरातत्त्व कायदा आणि २०१० मधली त्याची दुरुस्ती केंद्रीय स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरांत नवं बांधकाम करू देत नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी घ्यायला लावते. हेतू चांगला आहे. परिणाम असा, की मदरशाच्या आसपास घर असलेल्याला गळकं माळवद दुरुस्त करायचं तरी परवानगीच्या फेऱ्या मारायच्या. कंटाळून तो एक तर काहीच करत नाही, नाहीतर एका रात्रीत पत्रे टाकतो. शंभर मीटरांच्या पलीकडे, जिथे अडवणारं तितकं कोणी नाही, तिथे वाडा पाडून गाळे उभे राहतात. कायद्याने स्मारकाला घरांपासून वाचवलं, घरांना कोणी कोणापासून वाचवलं नाही. गुलबर्ग्याच्या किल्ल्यात हीच गोष्ट टोकाला गेलेली दिसते. १३६७ ची जामा मशीद, जिला खुलं अंगण नाही आणि जी सबंध घुमटांखाली झाकलेली आहे, ती निगुतीने राखलेली. आणि त्याच तटाच्या आत घरं करून राहिलेल्या कुटुंबांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं लोंबकळत असलेला. खात्याच्या भाषेत ती अतिक्रमणं. काहींच्या बाबतीत तसं असेलही. पण माणसं काढून टाकल्यावर किल्ला कोणत्या सालचा उरणार आहे? तट बांधले गेले तेव्हाही आत माणसं राहतच होती.

यावर पहिला आक्षेप पोटापाण्याचा. बिदर-कलबुर्गी हा राज्यघटनेच्या ३७१-ञ कलमाखाली खास तरतूद करावी लागलेला मागास भाग. इथे कोणी ‘भग्नतेतलं सत्य’ असल्या गप्पा मारत बसावं आणि तिकडे हंपीला, विजापूरला प्रवासी जावेत, हे कोणाला परवडतं? मिनार बांधा, रोषणाई करा, चार हॉटेलं चालतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ग्दान्स्कलाही आज प्रवाशांकडून उत्पन्न होतंच. मात्र तिथे आधी माणसं राहायला आली, दुकानं लागली, शाळा भरल्या, आणि प्रवासी त्यानंतर कित्येक वर्षांनी आले. रस्ता जिवंत होता म्हणून त्यांना तिथे चालावंसं वाटलं. नव्या सिमेंटचा मिनार आणि त्याच्या पायथ्याशी गाळे, हे पाहायला माणूस अर्ध्या तासासाठी येईल आणि हैदराबादच्या बसने परत जाईल. चौबारा ते किल्ला हा रस्ता सावलीचा केला, माळवदं दुरुस्त करायला सोपा परवाना आणि थोडं अनुदान दिलं, बिदरीच्या कारखान्यांना जागा दिली, तर तो रात्रीचा मुक्काम करील. खर्चही मिनारापेक्षा जास्त होईल असं वाटत नाही. कटकट मात्र जास्त होईल, आणि आपल्याकडची कामं अडतात ती बहुधा तिथेच.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. सगळी सालं जपा म्हणता, पण तुम्हीही सोयीची सालंच सांगता. बिदरविषयी लिहिणारे आमच्यासारखे लोक हटकून अष्टूरला जातात: अहमदशहा वली बहमनीच्या घुमटात, ज्याच्या उरुसाची तिथी हिंदू पंचांगाने होळीनंतर धरली जाते आणि ज्यात लिंगायत जंगमाचा मान असतो, किंवा नानक झिऱ्याच्या गुरुद्वाऱ्यात, किंवा मराठी माणूस असेल तर दामाजीपंतांपाशी, ज्यांच्यासाठी विठ्ठल महाराचं रूप घेऊन बेदरच्या बादशहाकडे धान्याचे पैसे भरायला गेला. हे सगळं खरं आहे, लोकांच्या जगण्यातलं आहे. पण १९४८ सुद्धा खरं आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी माणसं मारली. सप्टेंबरमधल्या पोलीस कारवाईनंतर याच मुलखात मुसलमान मारले गेले. या हिंसेची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सगळ्यात जास्त होरपळलेले जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर गुलबर्गा आणि बिदरही आहेत. गोरट्याला २०२३ मध्ये हुतात्मा स्मारक झालं, ते व्हायलाच हवं होतं. दुसऱ्या मेलेल्यांचा उल्लेख करणारा दगड या जिल्ह्यांत माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझाच मुद्दा पुढे जातो. साल निवडणं म्हणजे मेलेलेही निवडणं. ग्दान्स्कनेही तेच केलं होतं: जर्मनांची दफनभूमी सपाट झाली, थडग्यांचे दगड बांधकामाला गेले. पण २००२ मध्ये त्याच शहराने, नाहीशा झालेल्या दफनभूमींसाठी म्हणून एक स्मारक उभारलं; जर्मन, ज्यू, पोलिश, कोणाचीही असोत. दर्शनी भिंती उभारून झाल्यावर पन्नास वर्षांनी का होईना, पुसलेल्या सालाला जागा दिली.

या सगळ्याची खरी परीक्षा आज बिदर शहरात नाही, पश्चिमेला बसवकल्याणला चालू आहे. बाराव्या शतकात कल्याणी चालुक्यांच्या या राजधानीत बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि जातीपातीतून आलेले शरण जिथे एकत्र बसून वाद घालत, त्या अनुभव मंटपाची नवी भव्य वास्तू तिथे उभी राहते आहे. ६ जानेवारी २०२१ रोजी तिची पायाभरणी झाली; अंदाजे खर्च पाचशे कोटींच्या घरातला, आणि ७७० शरणांच्या नावाने ७७० खांब. मदरशाचा मिनार बांधायचा तर निदान जोडीदार मिनार समोर आहे. मूळ मंटपाची इमारत कशी होती याचा एकही भक्कम पुरावा हाताशी नाही. मग व्हेनिस जाहीरनाम्याच्या न्यायाने हे सगळ्यात मोठं पाप ठरायला हवं, पण मला ते तसं वाटत नाही. जी वास्तू जुनी असल्याचा आव आणूच शकत नाही तिला खोटं बोलायची संधीच कमी. ती एकविसाव्या शतकाने बाराव्या शतकाविषयी काढलेला उद्‌गार आहे, एवढं दारावर स्पष्ट लिहिलं की भागलं. धोका वेगळा आहे. २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकचं नाव कल्याण कर्नाटक झालं. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. प्रत्येक बदलाला आपापलं कारण आहे, पण दिशा एकच आहे, आणि ती ग्दान्स्कच्या १७९३ सारखी आहे: मधली सहाशे-सातशे वर्षं ओलांडून थेट पलीकडचं साल धरायचं. बहमनी, बरीदशाही, आदिलशाही, मोगल, आसफजाही हे सगळे मधल्या काळाचा गाळ म्हणून बाजूला. आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे होऊन उदगीर-निलंगा-अहमदपूर एका राज्यात, जहीराबाद-नारायणखेड दुसऱ्यात आणि भालकी-हुमनाबाद-औराद तिसऱ्यात गेले, त्यांच्या घरातल्या मराठी-कन्नड-दखनी-तेलुगूची सरमिसळ तर कोणत्याच दर्शनी भिंतीवर बसत नाही. आम्ही मराठीवालेही सीमाप्रश्नाच्या भाषणात हीच चूक उलट्या बाजूने करतो. आमचं साल वेगळं, एवढाच फरक.

दुसऱ्या मिनाराऐवजी काय बांधावं, याचं एक उत्तर बिदरच्या जमिनीखाली आहे. हे पठार वरून जांभ्याचं, खाली काळ्या पाषाणाचं. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं आणि खालच्या थरावर अडतं. बहमनी काळात इराणी पद्धतीच्या करेझ इथे खोदल्या गेल्या: जमिनीखालून दोन-चार किलोमीटर उतरत जाणारा बोगदा, ठरावीक अंतरावर वर उघडणाऱ्या विहिरी, आणि त्या अडलेल्या पाण्याला वस्तीपर्यंत आणणारा बेतशीर उतार. नौबादची करेझ गाळाने बुजली होती, काही विहिरींच्या तोंडांवर कचरा पडत होता. केरळातले भूगोलाचे प्राध्यापक गोविंदनकुट्टी यांनी तिचे मार्ग शोधून नकाशे केले, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २०१४ च्या यादीत बिदर शहर घेतलं, आणि त्यानंतर गाळ काढायला सुरुवात झाली. हीदेखील पुनर्बांधणीच आहे, पण तिला साल निवडावं लागत नाही. पाण्याला बहमनी-बरीदशाही कळत नाही. उतार बरोबर असला आणि वरच्या जमिनीवर सिमेंट ओतलं नाही तर ते येतं. गंमत अशी की यात फोटो काढण्याजोगं फारसं काही नाही, उद्घाटनाची फीत कापायलाही जागा नीट सापडत नाही. गाळ पुन्हा बसतो, तो दर काही वर्षांनी काढावा लागतो, आणि वर प्लॉट पाडणाऱ्याला विहिरीचं तोंड बुजवू नकोस असं कोणीतरी सांगावं लागतं. हे सांगणारं माणूस पालिकेच्या कोणत्या टेबलावर बसतं, ते आधी ठरवायला हवं.